संस्कृतीची रेघ कुठे ओढायची?

कणीक मळून, लाटून, तव्यावर भाजलेला रोजच्या जेवणातला जो गव्हाचा पदार्थ आहे, त्याला काही मराठी घरांत पोळी म्हणतात. बहुसंख्य मराठी घरांत मात्र ती चपाती असते, आणि पोळी म्हटले की सणासुदीची, पुरण भरलेली पोळीच डोळ्यांसमोर येते. कणीक तीच आणि तवाही तोच असतो, पण पंगतीला बसलेल्या पाहुण्याने यांपैकी कोणता शब्द उच्चारला यावरून वाढणारी व्यक्ती त्याच्या घराविषयी, आणि पुष्कळदा त्याच्या जातीविषयीही, मनातल्या मनात अंदाज बांधून मोकळी होते. हा अंदाज कसा बांधायचा हे तिला कोणी शाळेत शिकवलेले नसते. तिला ते ठाऊक असते, एवढेच.

संस्कृती म्हणजे काय, हा प्रश्न समजून घ्यायला मला हे ताट फार उपयोगी वाटते. संस्कृती त्या पदार्थात आहे, की पदार्थाला दिलेल्या नावात, की ते नाव ऐकून काढलेल्या निष्कर्षात? आणि या दोन घरांची संस्कृती एकच समजायची की वेगवेगळी? उत्तर काहीही दिले, तरी कोणीतरी कुठेतरी एक रेघ ओढलेली असते. ती रेघ कोणी ओढली हे विचारल्याशिवाय संस्कृतीची व्याख्या समजत नाही आणि विविधतेचा आकडाही समजत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी शब्दाकडे पाहू. 'संस्कृति' हा शब्द जुना आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत 'सा प्रथमा संस्कृतिर्विश्ववारा' असे वचन आहे, आणि ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांना 'आत्मसंस्कृति' म्हटले आहे. तिथे त्याचा अर्थ घडवणे, शुद्ध करणे, संस्कार करणे असा आहे. एखाद्या समाजाची जगण्याची एकूण रीत हा आजचा अर्थ त्याला फार उशिरा, 'कल्चर' या युरोपीय संकल्पनेसाठी आपल्या भाषांमध्ये प्रतिशब्द शोधले जात असताना, चिकटला. लॅटिन भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ होता शेतीची मशागत, आणि त्यावरून पुढे मनाची मशागत. त्याला अनुसरून बंगालीत 'कृष्टी' हा शब्द रूढ होऊ लागला होता. तो नांगरणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आणि रवींद्रनाथ टागोरांना न रुचलेला. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून त्यांना कळले की मराठीत या अर्थाने 'संस्कृती' हा शब्द वापरला जातो. त्यांनी तो टागोरांना सांगितला आणि टागोरांना तो पसंत पडला. मराठी वाचकाने ही आठवण जपून ठेवावी अशी आहे.

पण जुना अर्थ पुसला जाऊन त्या जागी नवा आला, असे झाले नाही. मराठीत आज हा शब्द किमान तीन अर्थांनी वावरतो, आणि पुष्कळसे वाद एक जण एका अर्थाने आणि दुसरा दुसऱ्या अर्थाने बोलत असल्यामुळे होतात. आपण एखाद्याला 'सुसंस्कृत' म्हणतो तेव्हा त्याचे वागणे, वाचन, बोलणे घडवलेले आहे असे आपल्याला सुचवायचे असते; म्हणजे संस्कृती काहींकडे असते आणि काहींकडे नसते, हे त्यात गृहीत असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात 'सांस्कृतिक कार्यक्रम' असतो तेव्हा त्याचा अर्थ नाच, गाणे, नाटुकले एवढाच होतो, आणि स्वयंपाक, शेती, सोयरीक जमवणे किंवा मयताला खांदा देणे या गोष्टी त्याच्या बाहेर राहतात. तिसरा अर्थ अभ्यासकांचा आहे. त्या अर्थाने कोणताही मनुष्यसमूह संस्कृतीविना नसतो, आणि जोगवा मागणे जितके सांस्कृतिक आहे तितकेच रांगेत उभे राहणे किंवा रांग मोडणेही सांस्कृतिक आहे. 'ही आपली संस्कृती नव्हे' असे कोणी रागाने म्हणते तेव्हा पहिला अर्थ तिसऱ्याचा वेष घेऊन बोलत असतो. बोलणारा वर्णन करत असल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात तो निवाडा देत असतो.

या तिसऱ्या अर्थाची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने १८७१ साली केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर सर्व क्षमता व सवयी यांचे गुंतागुंतीचे साकल्य म्हणजे संस्कृती, असा तिचा आशय आहे. त्यात सर्वांत वजनदार शब्द आहे 'मिळवलेल्या'. भूक जन्मजात आहे, पण उजव्या हाताने जेवायचे, उपवासाला साबुदाणा चालतो आणि तांदूळ चालत नाही, हे मिळवलेले आहे. संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकण्यातून येते, एवढे जरी या व्याख्येतून पक्के झाले तरी तिने मोठे काम केले असे म्हणावे लागेल, कारण 'आमच्या रक्तातच आहे' ही भाषा अजून सगळीकडे ऐकू येते. टायलरची चूक वेगळी होती. तो जगातल्या सर्व समाजांना एकाच शिडीच्या वरखालच्या पायऱ्यांवर उभे करत असे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या फ्रांझ बोआस यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी ती शिडी काढून टाकली, आणि प्रत्येक समाजाकडे त्याच्या स्वतःच्या इतिहासातून पाहिले पाहिजे असा आग्रह धरला. पुढे व्याख्या इतक्या झाल्या की १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी त्या गोळा केल्या तेव्हा १६४ भरल्या. त्या सगळ्या वाचण्याची सामान्य वाचकाला गरज नाही.

एक विचार मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. नॉर्वेचे फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये असे मांडले की दोन गटांमध्ये वेगळे काय आहे याची यादी करत बसण्यापेक्षा ते गट आपल्यातली सीमा कशी राखतात हे पाहावे. पेहराव बदलतो, भाषा बदलते, अन्न बदलते, माणसेही एका गटातून दुसऱ्यात जातात, तरी सीमा टिकून राहते. ती टिकवण्यासाठी गट असंख्य भेदांपैकी एखादाच भेद निवडतो आणि त्याला खूण बनवतो. पोळी आणि चपाती यांची गोष्ट हीच आहे. पदार्थात फरक असता किंवा नसता, खूण म्हणून एक शब्द पुरेसा झाला.

आता विविधतेकडे वळू. विविधता मोजता येते अशी आपली समजूत असते आणि भारताच्या बाबतीत तर आकडे तोंडपाठ असतात. ते आकडे कसे तयार होतात हे भाषेच्या उदाहरणावरून फार स्वच्छ दिसते. जनगणनेत मातृभाषा म्हणजे व्यक्तीच्या बालपणी तिच्या आईने तिच्याशी बोललेली भाषा, अशी व्याख्या आहे, आणि आई लहानपणीच वारली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. प्रगणकाने समोरचा माणूस जे नाव सांगेल ते लिहून घ्यायचे असते. २०११ मध्ये अशी लिहून घेतलेली नावे १९,५६९ निघाली. त्यांत एकाच भाषेची वेगवेगळ्या स्पेलिंगची नावे होती, गावांची नावे होती, जातींची नावे होती. छाननी करून त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरवण्यात आल्या आणि १,४७४ नावे अवर्गीकृत म्हणून बाजूला ठेवण्यात आली. दहा हजारांहून कमी लोक जी मातृभाषा बोलतात तिचे नाव १९७१ पासून तक्त्यात वेगळे दाखवले जात नाही. ही चाळणी लावल्यावर उरलेल्या मातृभाषांचे गट करून १२१ भाषा ठरल्या. त्यांतल्या २२ घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या आहेत आणि ९९ तिच्याबाहेरच्या.

भारतात भाषा किती, या प्रश्नाला त्यामुळे बावीस, एकशे एकवीस, तेराशे एकोणसत्तर यांपैकी कोणतेही उत्तर देता येते आणि त्यांतले एकही खोटे नसते. ब्रिटिश राजवटीतले अधिकारी जॉर्ज ग्रियर्सन यांच्या १८९४ ते १९२८ या काळात चाललेल्या भाषा-सर्वेक्षणात १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदल्या गेल्या होत्या. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषा होत्या. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लोकसर्वेक्षणाने या शतकात ७८० भाषा नोंदवल्या. १,६५२ वरून १२१ वर घसरण झाली असे वाक्य आपण अधूनमधून वाचतो. भाषा मरतात हे दुर्दैवाने खरे आहे, पण या दोन आकड्यांची वजाबाकी करून ते सिद्ध होत नाही, कारण पहिला आकडा मातृभाषांचा आहे आणि दुसरा त्यांचे गट करून, चाळणी लावून उरलेल्या भाषांचा.

गट कसे होतात हे महाराष्ट्रापुरते पाहिले तरी पुष्कळ कळते. मालवणी माणूस मराठी शाळेत शिकतो, मराठी वर्तमानपत्र वाचतो, मराठी रंगभूमीवर त्याची बोली गाजलेली आहे, पण जनगणनेच्या तक्त्यात मालवणी कोंकणीखाली येते. अहिराणी खान्देशी या स्वतंत्र भाषेखाली येते. २०११ मध्ये त्या शीर्षकाखाली सुमारे साडेअठरा लाख लोक होते. वारली भिलीच्या गटात टाकलेली आहे, जरी अनेक भाषाभ्यासक तिला मराठी आणि कोंकणी यांच्या जवळची मानतात. उलट नागपुरी किंवा झाडीबोली बोलणारा बहुधा 'मराठी' असेच सांगतो आणि मराठीच्या ८ कोटी ३० लाखांत मिसळून जातो. हिंदीच्या शीर्षकाखाली २०११ मध्ये सुमारे ५२ कोटी ८० लाख लोक मोजले गेले, पण त्यांतल्या 'हिंदी' हेच नाव सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ३२ कोटी होती. उरलेल्यांत पाच कोटींहून अधिक भोजपुरी होते, आणि राजस्थानी, छत्तीसगढी, मगही बोलणारे होते. मैथिली १९९१ च्या तक्त्यात हिंदीखालीच होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने तिला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली आणि २००१ च्या जनगणनेचे भाषातक्ते त्यानंतर प्रसिद्ध झाले तेव्हा ती स्वतंत्र भाषा म्हणून दिसू लागली. मिथिलेतल्या घराघरांत दरम्यान काहीच बदलले नव्हते, रेघ तेवढी सरकली होती.

कोंकणीची कथा याहून जवळची आणि हळवी आहे. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा हा वाद गोव्यात आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला, १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा झाला आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. दोन बोलींतल्या शब्दांचे आणि प्रत्ययांचे साम्य भाषाशास्त्रज्ञ मोजू शकतो. किती साम्य असले की त्यांना एक भाषा म्हणायचे, हे ठरवणे त्याच्या हातात नसते. ते बोलणाऱ्यांच्या इच्छेवर, लिपीवर, शाळांवर, मतपेटीवर आणि कधी कधी मोर्चावर ठरते. यात काही खोटेपणा आहे असे मी मानत नाही. आपण कोण आहोत हे सांगण्याचा हक्क हाही संस्कृतीचाच भाग आहे.

युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी सांस्कृतिक विविधतेचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्यात निसर्गाला जैवविविधता जितकी आवश्यक तितकीच मानवजातीला सांस्कृतिक विविधता आवश्यक आहे, असे म्हटले आहे. तुलना मनाला पटणारी आहे, पण ती फार ताणली तर दिशाभूल करते. वाघ आणि बिबट्या एकमेकांकडून पट्टे आणि ठिपके उसने घेत नाहीत. संस्कृती मात्र सदैव उसनवारीवर जगतात. मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे तिन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्याकडे आले, आणि आज मिरचीच्या ठेच्याशिवाय भाकरीचे चित्र पूर्ण होत नाही. संस्कृती शुद्ध स्वरूपात जपायची वस्तू आहे असे मानले, तर तो ठेचाही परका ठरवावा लागेल.

याहून गंभीर अडचण पुढे आहे, आणि तिच्याविषयी सावकाश बोलले पाहिजे. इरावती कर्वे पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी लिहिले. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली. सरकारी नकाशा, राजधानी, लिपी यांतले काहीही न वापरता, लोक पायांनी काय करतात यावरून एका प्रदेशाची ओळख सांगणारी ही व्याख्या आहे. तिच्यात नकाशापलीकडून, कर्नाटकातून, येणारा वारकरीही सामावतो. पण त्याच लेखनात त्यांनी दुसरी गोष्टही नोंदवली. त्यांच्या दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे दिवसभर बरोबर चालत, बरोबर भजन म्हणत, आणि जेवायची वेळ झाली की वेगवेगळ्या चुली मांडून वेगळे जेवत. हे त्यांना बोचले. आणि ज्या मंदिराच्या ओढीने ही सगळी पावले पडत होती, त्याच्या महाद्वारासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. त्याच्या जातीच्या लोकांना आत प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले होते.

वेगळ्या चुली ही विविधता आहे का? दोन चुलींवर दोन चवी शिजतात, तेवढ्यापुरती आहे. पण एका चुलीवरचे दुसऱ्याने खाल्ले की त्याला बाट लागतो, असा नियम असेल तर तो भेद उतरंडीचा आहे, आणि त्याला विविधता म्हटल्याने ती उतरंड देखणी दिसू लागते. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी, बोआस शिकवत होते त्याच कोलंबिया विद्यापीठात, त्यांचेच शिष्य असलेल्या गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातीविषयी निबंध वाचला. त्यातला युक्तिवाद आजही वाचकाला थांबवतो. भारतात सांस्कृतिक एकता आहे हे आंबेडकरांनी मान्य केले, आणि त्यामुळेच जातीचा उलगडा करणे अवघड होते असे म्हटले. वेगवेगळ्या संस्कृतींचे लोक शेजारी राहायला आले म्हणून जाती झाल्या असत्या तर प्रश्न सोपा होता. पण जात म्हणजे आधीच एकजिनसी असलेल्या समाजाचे, गटाबाहेर लग्न करण्यावर बंदी घालून, पाडलेले तुकडे आहेत. विविधता आणि विषमता यांतला फरक समजून घ्यायला याहून चांगले साधन मला माहीत नाही. एखादा भेद समोर आला की तो राखण्याची गरज कोणाला आहे आणि तो मोडला तर शिक्षा कोणाला होते, हे विचारावे.

कायद्यालाही संस्कृतीची रेघ ओढावी लागते. भारतीय संविधानाचे अनुच्छेद २९ वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क देते, मात्र संस्कृतीची व्याख्या करत नाही. ती मोकळी ठेवली हे मला शहाणपणाचे वाटते. उलट अनुसूचित जमाती ओळखण्यासाठी १९६५ मध्ये लोकूर समितीने जे निकष सांगितले, त्यांत आदिम लक्षणे, भौगोलिक अलगता, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपणा यांच्या जोडीला 'वेगळी संस्कृती' हाही एक निकष आहे. त्याचा परिणाम असा होतो की शिकलेल्या, शहरात नोकरी करणाऱ्या आदिवासी तरुणाकडे पाहून लोक विचारतात, आता तुझ्यात आदिवासी असे काय राहिले? दुसऱ्या कोणत्याही मराठी माणसाला पॅन्ट घातल्याबद्दल असे विचारले जात नाही.

वारली चित्रांकडे पाहा. लग्नघरात शेणाने आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, आणि धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावायचे, अशी ती रीत. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी, ते पुरुष असून, ही चित्रे कागदावर आणि कापडावर काढायला सुरुवात केली. लग्नाचे निमित्त गेले, आणि मासेमारी, शेती, तारपा नाच, पुढे आगगाडीसुद्धा त्यांत आली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरचा चौक खरा आणि कागदावरचे चित्र बाजारू, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही, कारण मशे यांनी आपल्या लोकांकडून शिकलेल्या त्रिकोणांनीच नवे जग पाहिले, आणि टायलरच्या व्याख्येतला 'मिळवलेल्या' हा शब्द तिथे नेमका लागू पडतो. पण साडीच्या काठावर आणि चहाच्या कपावर तीच माणसे नाचताना दिसतात, ती रेखाटणाऱ्याने पाड्यावर कधी पाऊल ठेवलेले नसते आणि खाली 'महाराष्ट्राची संस्कृती' असे लिहिलेले असते, तेव्हा मला वारली बोलीची आठवण होते, जी बोलणारे लोक त्याच महाराष्ट्रात भिलीच्या रकान्यात मोजले जातात.

पुढची जनगणना २०२७ मध्ये होणार आहे. भाषेचा प्रश्न १८८१ पासून या ना त्या शब्दांत विचारला जात आला आहे. तो विचारला गेला तर, प्रगणक दारात उभा असताना, धुळ्याच्या किंवा तलासरीच्या घरातल्या माणसाने, कागदावर मोठे दिसेल असे नाव न शोधता, आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली तिचेच नाव घ्यावे. सांगितले तेच लिहून घेण्याची सूचना प्रगणकाला असते. त्या नावाचे पुढे कोणत्या गटात काय होईल ते तक्ते करणाऱ्या कचेरीत ठरते, पण मूळ नोंदीत ते आपल्या नावाने उतरलेले असते.